एनआरएक्स, टीआरएक्स आणि रिफिल : अमेरिकी प्रिस्क्रिप्शन डेटा मोजायला शिकताना

अमेरिकेतल्या प्रिस्क्रिप्शन डेटावर नव्याने काम करू लागलेल्या माणसाची पहिली गफलत जवळजवळ ठरलेली असते. ‘एनआरएक्स म्हणजे नवी प्रिस्क्रिप्शन्स’ असं त्याला सांगितलेलं असतं आणि तो ते ‘नवे रुग्ण’ असं वाचतो. मग एनआरएक्स वाढलं की औषधाला नवे रुग्ण मिळाले, असा निष्कर्ष स्लाइडवर जातो. हा निष्कर्ष बऱ्याचदा चुकीचा असतो. एनआरएक्समध्ये माणसं मोजलेली नसतात, चिठ्ठ्या मोजलेल्या असतात. पुढचा सगळा हिशोब या एका फरकावर उभा आहे, म्हणून सुरुवात एका चिठ्ठीपासून करू.

एका चिठ्ठीचा हिशोब

डॉक्टर रक्तदाबाची गोळी लिहितात: रोज एक, ३० गोळ्या, रिफिल ३. रिफिल म्हणजे त्याच चिठ्ठीवर पुन्हा मिळणारं औषध. इथे ३ म्हणजे औषध एकूण तीनदा मिळणार असं नाही. पहिल्यांदा मिळणारं औषध या आकड्यात धरलेलंच नसतं. पहिलं एक आणि त्यावर तीन रिफिल, म्हणजे एकूण चार फिल (औषध दिल्याच्या चार वेळा) आणि १२० गोळ्या. ‘रिफिल ०’ लिहिलेल्या चिठ्ठीवरही एकदा औषध मिळतंच.

फार्मसी या चिठ्ठीला स्वतःचा प्रिस्क्रिप्शन नंबर देते आणि प्रत्येक वेळी औषध देताना विमा कंपनीकडे क्लेम, म्हणजे पैशांची मागणी, पाठवते. क्लेमचा साचा एनसीपीडीपी या फार्मसी-व्यवहारांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ठरवलेला आहे. त्यातलं ४०३-डी३ हे फील्ड म्हणजे ‘फिल नंबर’. पहिल्या फिलला ०, नंतरच्या रिफिलना १, २, ३ असे क्रमांक मिळतात. फिल नंबर ० असलेली ओळ एनआरएक्स, १ किंवा जास्त असलेली ओळ रिफिल आणि दोन्ही मिळून टीआरएक्स, म्हणजे एकूण प्रिस्क्रिप्शन्स.

हाच रुग्ण १० जानेवारीला पहिलं औषध घेतो. मग ९ फेब्रुवारी, ११ मार्च आणि १० एप्रिलला तीन रिफिल होतात आणि चिठ्ठी संपते. मे महिन्यात फार्मसी डॉक्टरांकडे नूतनीकरणाची विनंती पाठवते, डॉक्टर मंजूर करतात आणि १० मेला औषध मिळतं. रुग्णाच्या लेखी काहीच बदललेलं नाही. तेच औषध, तीच मात्रा, तेच दुकान. फार्मसीच्या संगणकात मात्र नवा प्रिस्क्रिप्शन नंबर तयार झालेला असतो आणि फिल नंबर पुन्हा शून्यावर आलेला असतो. मे अखेरचा हिशोब असा: टीआरएक्स ५, एनआरएक्स २, रिफिल ३, रुग्ण १.

रिफिल किती मिळतात हे कायदा ठरवतो

अमेरिकेच्या संघीय कायद्यात नियंत्रित औषधांचे पाच वर्ग आहेत. दुसऱ्या वर्गातल्या औषधांना, म्हणजे शेड्यूल टूला, रिफिलच नाही. दर वेळी नवी चिठ्ठी लागते. तिसऱ्या आणि चौथ्या वर्गाला जास्तीत जास्त पाच रिफिल, तेही चिठ्ठी लिहिल्याच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत. बाकीच्या साध्या प्रिस्क्रिप्शन औषधांची मुदत राज्यांचे कायदे ठरवतात. बऱ्याच राज्यांत ती एक वर्षाची आहे.

याचा आकड्यांवर थेट परिणाम होतो. ॲडरॉल किंवा व्हायव्हान्स ही एडीएचडीवरची (लक्ष एकाग्र न होण्याच्या विकारावरची) औषधं शेड्यूल टूमध्ये आहेत, त्यामुळे तिथे एनआरएक्स आणि टीआरएक्स जवळजवळ सारखेच येतात. वर्षानुवर्षं तेच औषध घेणारा रुग्णही दर महिन्याला एक ‘नवं प्रिस्क्रिप्शन’ तयार करतो. अशा बाजारात एनआरएक्सचा वेगळा आलेख काढण्यात काही अर्थ नसतो.

हायड्रोकोडोन या अफूवर्गीय वेदनाशामकाची संयुक्त औषधं ६ ऑक्टोबर २०१४ रोजी तिसऱ्या वर्गातून दुसऱ्या वर्गात गेली. त्या काळाचा डेटा हाताशी आला तर या तारखेच्या दोन्ही बाजूंचं एनआरएक्स एका रेषेत जोडू नका. पूर्वी जे रुग्ण रिफिलवर औषध घेत होते, त्यांना नंतर दर वेळी नवी चिठ्ठी लागू लागली. जुन्या चिठ्ठ्यांवरचे शिल्लक रिफिल पुढचे सहा महिने वापरायला मुभा होती, त्यामुळे हा बदल एका दिवसात झालेला दिसत नाही, हळूहळू उतरताना दिसतो.

कायद्याइतकीच डॉक्टरांची सवयही महत्त्वाची. एक डॉक्टर ३० दिवसांच्या चिठ्ठीवर ११ रिफिल लिहून वर्षभराची सोय करतात. दुसरे ‘रिफिल ०’ लिहून रुग्णाला दर महिन्याला तपासणीला बोलावतात. दोघांकडे दहा-दहा रुग्ण असले तरी दुसऱ्यांचं एनआरएक्स पहिल्यांच्या कितीतरी पट निघेल.

मात्रा वाढत जाणारी औषधं

सर्वात मोठी फसगत इथे होते. वजन कमी करण्याचं वेगोव्ही हे आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन घ्या. मूळ लेबलप्रमाणे मात्रा दर चार आठवड्यांनी वाढवायची असते: ०.२५ मिलिग्रॅम, मग ०.५, १, १.७ आणि सतराव्या आठवड्यापासून २.४. प्रत्येक मात्रेचं पेन वेगळं, म्हणून चिठ्ठीही वेगळी. लेबलबरहुकूम चाललेला एकच रुग्ण सतराव्या आठवड्यापर्यंत पाच चिठ्ठ्या आणि ५ एनआरएक्स तयार करतो. एकही रिफिल न होता टीआरएक्सही ५ होतं. बाजारात येऊन थोडाच काळ झालेल्या अशा औषधाचं एनआरएक्स झपाट्याने चढतं, त्यात नव्या रुग्णांचा वाटा किती आणि मात्रा बदलणाऱ्यांचा किती, हे वेगळं काढल्याशिवाय काहीच म्हणता येत नाही.

फार्मसी बदलली तरी असंच होतं. चिठ्ठी एका दुकानातून दुसऱ्या दुकानात वर्ग झाली की नव्या दुकानात तिला नवा नंबर मिळतो आणि पुष्कळदा फिल नंबर शून्यापासून सुरू होतो. फार्मसींची एखादी साखळी बंद पडून तिच्या चिठ्ठ्यांच्या फायली दुसऱ्या साखळीने घेतल्या, तर एका भागात एनआरएक्स एकदम उसळू शकतं. २०२५ मध्ये राइट एड या फार्मसी साखळीची सगळी दुकानं बंद झाली आणि रुग्णांच्या फायली इतर फार्मसींकडे गेल्या. त्या वर्षाचा डेटा बघताना हे ध्यानात ठेवा.

क्लेमपासून आकड्यापर्यंत

आता प्रत्यक्ष मोजणी. कच्च्या डेटात प्रत्येक ओळ एक क्लेम असते आणि एक क्लेम म्हणजे एक फिल असेलच असं नाही. खालचा क्रम पाळा. तो उलटसुलट केला तर चूक पुढे झिरपते आणि नंतर सापडत नाही.

पहिलं काम उलटवलेले क्लेम काढण्याचं. क्लेम मंजूर होतो त्या क्षणी रुग्णाने औषध उचललेलं असतंच असं नाही. बाटली तयार होऊन काउंटरमागे पडून राहते. साधारण १० ते १४ दिवसांत रुग्ण आला नाही, तर फार्मसी औषध परत फळीवर ठेवते आणि रिव्हर्सल, म्हणजे आधीचा क्लेम रद्द करणारी ओळ, पाठवते. बिलिंगच्या ओळीला बी१ हा कोड असतो, रिव्हर्सलला बी२. फार्मसीचा आयडी, प्रिस्क्रिप्शन नंबर, फिल नंबर आणि सेवेची तारीख या चार गोष्टी जुळवून बी१ आणि बी२ ची जोडी लावा आणि दोन्ही ओळी वगळा. मात्र रिव्हर्सलनंतर त्याच दिवशी पुन्हा बी१ आलेला असू शकतो, कारण गोळ्यांची संख्या किंवा विम्याचा तपशील दुरुस्त करून क्लेम परत पाठवला जातो. म्हणून वेळेच्या क्रमाने लावून शेवटची स्थिती धरा. नाकारलेले क्लेम मोजणीत येत नाहीत, पण फेकूनही देऊ नका. विम्याची पूर्वमंजुरी नसल्याचा कोड ७५ किंवा ‘रिफिल लवकर मागितलं’ असा कोड ७९ किती वेळा आला, हे पुढे कारणं शोधताना लागतं.

कोड ७९ कधी येतो हेही समजून घ्या. विमा योजना बहुधा आधीचा साठा ७५ ते ८५ टक्के संपल्याशिवाय पुढचं रिफिल देत नाहीत. ७५ टक्क्यांच्या नियमाने ३० दिवसांच्या औषधाचं रिफिल तेविसाव्या दिवसाच्या आसपास मिळू शकतं. त्यामुळे दोन फिलमधलं अंतर ३० पेक्षा कमी दिसलं, तर तो डेटातला दोष समजून ओळ उडवू नका.

दुसरं काम दुबार क्लेम एकत्र करण्याचं. एकाच फिलसाठी दोन विम्यांना क्लेम जाऊ शकतो. खासगी विमा असलेल्या रुग्णाने औषध कंपनीचं सवलत कार्ड वापरलं, की पहिला क्लेम विमा कंपनीला आणि दुसरा कार्डाला जातो. बाटली एक, ओळी दोन. दुसऱ्या ओळीवर ३०८-सी८ या फील्डमध्ये बहुधा ८ हा कोड असतो, म्हणजे फक्त रुग्णाच्या वाट्याची रक्कम मागितलेली आहे. इथे घाईने ‘दुय्यम क्लेम सगळे काढा’ असा नियम लावू नका. मुख्य विम्याने औषध नाकारलं आणि कार्डाने पैसे दिले, तर त्या ओळीवर कोड ३ असतो आणि त्या फिलची मंजूर झालेली ती एकमेव ओळ असते. ती काढली तर खरं विकलं गेलेलं औषध हिशोबातून गायब होतं. नव्या ब्रँडच्या पहिल्या काही महिन्यांत असे फिल भरपूर असतात. सुरक्षित पद्धत अशी की आधी सांगितलेल्या चार गोष्टींच्या गटात किमान एक मंजूर क्लेम असेल तर तो गट म्हणजे एक फिल.

अपुरं दिलेलं औषध हा तिसरा प्रकार. दुकानात ३० पैकी १० गोळ्याच शिल्लक असतील तर फार्मसिस्ट त्या देतो आणि उरलेल्या २० नंतर. ३४३-एचडी या फील्डमध्ये पहिल्या ओळीला ‘पी’ आणि दुसरीला ‘सी’ येतं. दोन्ही मिळून एकच फिल. गोळ्यांची बेरीज करा, फिलची नको.

मग औषधाची ओळख जुळवा. एनडीसी, म्हणजे अमेरिकेतला औषधाचा ओळख क्रमांक, लेबलवर १० अंकी असतो आणि डेटात ११ अंकी, पाच-चार-दोन अशा तीन भागांत. दहाचे अकरा करताना वाढीव शून्य कुठल्या भागात घालायचं, हे लेबलवरच्या मूळ रचनेवर अवलंबून असतं. चार-चार-दोन असेल तर पहिल्या भागात, पाच-तीन-दोन असेल तर मधल्या, पाच-चार-एक असेल तर शेवटच्या. फाइल एक्सेलमध्ये नुसती उघडून जतन केली तरी सुरुवातीची शून्यं उडतात आणि अर्धं उत्पादन ‘सापडलं नाही’ म्हणून गळतं. हा स्तंभ कायम मजकूर म्हणून वाचा.

शेवटी वर्गीकरण, जे आता सोपं आहे: फिल नंबर ० तर एनआरएक्स, नाहीतर रिफिल. चिठ्ठी ओळखताना नुसता प्रिस्क्रिप्शन नंबर कधीही वापरू नका. दोन दुकानांचे नंबर सारखे असू शकतात आणि एकच दुकान काही वर्षांनी तोच नंबर पुन्हा वापरू शकतं. फार्मसीचा आयडी, नंबर आणि चिठ्ठी लिहिल्याची तारीख मिळून चिठ्ठीची खरी ओळख होते.

९० दिवसांची बाटली एक की तीन?

टीआरएक्समध्ये ३० दिवसांचं फिल आणि ९० दिवसांचं फिल, दोन्ही एकच मोजले जातात. समजा १०० रुग्ण दरमहा ३० दिवसांचं औषध घेतात: महिन्याला १०० टीआरएक्स. त्यातले ४० जण टपालाने येणाऱ्या ९० दिवसांच्या औषधाकडे वळले, तर ६० अधिक साधारण १३, म्हणजे ७३ टीआरएक्स उरतं. आलेख २७ टक्के कोसळतो आणि एकही रुग्ण सुटलेला नसतो.

उपाय म्हणजे ३० दिवसांच्या मापात आणणं: क्लेममधले ‘पुरवठ्याचे दिवस’ भागिले ३०. आयक्यूव्हिआ या औषध-डेटा कंपनीच्या इन्स्टिट्यूटच्या अहवालांत याहून सोपी रीत वापरतात. ८४ दिवस किंवा जास्त पुरवठ्याचं फिल तीन धरायचं, त्याखालचं एक. दोन पद्धतींची उत्तरं वेगळी येतात, म्हणून तक्त्याच्या शीर्षकातच पद्धत लिहा.

दर आठवड्याला घ्यायच्या इंजेक्शनांचा चार मात्रांचा संच २८ दिवसांचा असतो. वर्षाला १३ फिल होतात, ३० दिवसांच्या गोळीचे १२. दोन ब्रँडची तुलना करताना हा आठ टक्क्यांचा फरक फुकट मिळून जातो. त्यात काही फार्मसी २८ च्या जागी सवयीने ३० टाकतात. ब्रँडवार दिवसांची वारंवारिता एकदा काढून पाहिली की हे लगेच दिसतं.

खरे नवे रुग्ण: एनबीआरएक्स

नवे रुग्ण हवे असतील तर फिल नंबर उपयोगाचा नाही. रुग्णाचा मागचा इतिहास लागतो. निनावी केलेल्या रुग्ण-आयडीवरून मागचे बहुधा १२ महिने तपासायचे. त्यात हा ब्रँड नसेल तर हे फिल एनबीआरएक्स, म्हणजे त्या ब्रँडवर नव्याने आलेल्या रुग्णाचं प्रिस्क्रिप्शन. पुढे त्याचे तीन प्रकार होतात: त्या उपचारगटातलं कुठलंच औषध आधी न घेतलेला, दुसरं औषध सोडून आलेला आणि दुसरं चालू ठेवून हे जोडलेला. शेवटच्या दोघांत फरक करायला पुढचे काही आठवडे पाहावे लागतात, कारण जुनं औषध बंद झालं की चालू आहे हे पहिल्या दिवशी कळत नाही.

इथली मोठी चूक म्हणजे डेटात नुकत्याच दिसू लागलेल्या रुग्णाला नवा समजणं. एखादी फार्मसी या महिन्यापासून डेटा द्यायला लागली, तर तिचे सगळे जुने रुग्ण ‘नवे’ दिसतील. म्हणून त्या १२ महिन्यांत रुग्णाचा कुठल्याही औषधाचा एखादा तरी क्लेम आहे का, हे आधी तपासा. नसेल तर त्याला नव्यात धरू नका. वरच्या रक्तदाबाच्या रुग्णाचं एनबीआरएक्स १ आहे, वेगोव्हीच्या रुग्णाचंही १.

बदल आधी एनबीआरएक्समध्ये दिसतो, मग एनआरएक्समध्ये आणि सगळ्यात शेवटी टीआरएक्समध्ये, कारण टीआरएक्समध्ये जुन्या चिठ्ठ्यांचे रिफिल महिनोन्‌महिने येत राहतात. नवा स्पर्धक आल्यावर टीआरएक्स स्थिर आहे म्हणून निर्धास्त राहणं धोक्याचं. मार्च २०२० मध्ये याचं ठळक रूप दिसलं. लोकांनी औषधं भरून ठेवली, योजनांनी लवकर रिफिल घ्यायला मोकळीक दिली आणि टीआरएक्स वर गेलं. त्याच सुमारास दवाखान्यातल्या भेटी थांबल्याने नव्या रुग्णांचा ओघ आटला.

आकडे वाचताना

बाजारातला डेटा बहुतेक अंदाजित असतो. आयक्यूव्हिआ फार्मसींच्या मोठ्या नमुन्यावरून देशाचा आकडा काढते. राष्ट्रीय पातळीच्या डेटाचं नाव एनपीए, डॉक्टरवार डेटाचं एक्सपोनेंट (Xponent). जुन्या फायलींत आयएमएस दिसेल, ती हीच कंपनी. २०१६ साली ती क्विंटाइल्स या कंपनीशी एकत्र झाली आणि २०१७ पासून आयक्यूव्हिआ हे नाव आलं. अंदाजामुळेच एखाद्या डॉक्टरच्या नावावर २.७ टीआरएक्स दिसतं. ती चूक नाही, पण एका डॉक्टरच्या एका आठवड्याच्या आकड्यावर निर्णयही घेऊ नका. किमान १३ आठवड्यांची बेरीज पाहा.

ताजा आठवडा नंतर सुधारला जातो, कारण उशिराचे क्लेम आणि रिव्हर्सल मागून येतात. सुट्टीचा आठवडा मागच्या वर्षीच्या सुट्टीच्या आठवड्याशीच ताडून पाहा. जानेवारीत विम्याची नवी वर्षं सुरू होतात, रुग्णाने आधी स्वतः भरायची रक्कम पुन्हा शून्यापासून मोजली जाते आणि पूर्वमंजुऱ्या नव्याने लागतात. त्यामुळे डिसेंबरपेक्षा जानेवारीचं टीआरएक्स खाली येणं नेहमीचंच. डॉक्टरांनी दिलेले औषधांचे मोफत नमुने, रुग्णालयात दाखल रुग्णांना दिलेलं औषध आणि दवाखान्यात शिरेतून दिलेली औषधं या मोजणीत नसतात. काही विशेष फार्मसी आपला डेटा देतच नाहीत.

तक्ता पुढे पाठवण्याआधी ताळा करा. एनआरएक्स अधिक रिफिल बरोबर टीआरएक्स येतं का? शेड्यूल टू औषधाला फिल नंबर १ किंवा जास्त असलेली ओळ दिसते का? तिसऱ्या-चौथ्या वर्गात फिल नंबर ५ च्या वर गेला आहे का? फिल नंबर ४१५-डीएफ या फील्डमधल्या मंजूर रिफिलपेक्षा मोठा आहे का? आणि टीआरएक्स भागिले एनआरएक्स हे गुणोत्तर फार्मसी साखळीनुसार काढा. सगळीकडे ते २.५ च्या आसपास असताना एकाच साखळीत १ येत असेल, तर तिथले रुग्ण वेगळे आहेत असं मानण्याआधी त्या साखळीचं फिल नंबर फील्ड उघडून बघा. बहुधा ते रिकामं आलेलं असतं आणि तुमच्या कोडने रिकाम्या जागेचं शून्य केलेलं असतं.